निव्वळ

सावद्याच्या रस्त्याला माझा वजनकाटा.
ट्रक आधी रिकामा चढतो, मग केळी भरून.
भरल्यातून रिकामा वजा केला
की उरतं ते निव्वळ.
एकवीस वर्षं हीच वजाबाकी,
किलोभरासाठीही भांडण नाही कुणाशी.

दिव्यानीचं मात्र जमेना.

जळगावच्या सिव्हिलला तीन बुधवार परत आलो.
चौथ्या बुधवारी डॉक्टरांनी ठोकळे मांडले,
तिनं ते हुंगले, रांगेत लावले, पुन्हा हुंगले.
कागदावर आलं: पासष्ट टक्के.
मी विचारलं, कशातून काय वजा करून?
ते म्हणाले, पुढचा.

नाव तिच्या आत्यानं हट्टानं ठेवलेलं.
शिक्क्यात शेवटचं एक अक्षर बदललं
आणि दिव्यानीची दिव्यांग झाली,
पोर दुसऱ्याच रजिस्टरात गेली.

फैजपूरच्या इंग्लिश मिडियमनं खुर्ची दिली, चहा दिला.
"कायदा आम्हालाही माहीत आहे, नेहेते,
पण बाकीच्या पालकांना काय सांगू?"
चहा चांगला होता,
हे अजून खुपतं.

मग निवासी शाळा, लांबची.
बत्तीस खाटा, बत्तीस चादरी एकाच निळ्या रंगाच्या,
बाईसुद्धा मायेच्या.
सही करायला मी पेन उघडलं तर
सुरेखा म्हणाली, "माझ्या कानाची पाळी धरल्याबिगर
तिले झोप येत नही. हे कोठी लिहू?"
मी रकाने पाहिले.
बोलते का. सांगितलेलं समजतं का. कपडे स्वतः घालते का.
कानाचा रकाना नव्हता.
वळणापलीकडचा ट्रक ती आवाजावरून ओळखते,
पंजाबचा असेल तर दोनदा टाळी वाजवते,
गाडीवरची कार्बाइडची केळी हातात धरत नाही,
त्याचाही नव्हता.
पेनाला टोपण लावलं.

फेगडे मॅडम गटसाधन केंद्राच्या,
एक स्कूटी आणि सदतीस गावं.
त्यांनी शोधली दीड कोसावरची जिल्हा परिषदेची शाळा,
दोन खोल्या, एक कडुनिंब, एक तडवी सर.
सर म्हणाले, पाठवा.
मला वाटलं, नीट ऐकलं नसेल.
पुन्हा सांगितलं, पासष्ट टक्के.
"पाठवा म्हटलं ना."

पहिल्या दिवशी घंटा झाली,
रुळाच्या तुकड्यावर लोखंडाचा टोला,
आणि तिनं स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला.
रक्त. दुसऱ्या दिवशीही रक्त.
मी घरी सांगून टाकलं, झालं, संपलं.
तिसऱ्या दिवशी सुरेखा एकटीच तिला घेऊन गेली
तर रुळाला गोणपाट गुंडाळलेलं, सुतळीनं आवळून.
तेव्हापासून ती शाळा 'धप' अशी भरते
आणि 'धप' अशी सुटते.
गावातले दोघं तक्रार घेऊन आले,
मळ्यापर्यंत घंटा ऐकू येत नाही, पोरांना उशीर होतो.
सर म्हणाले, मग दहा मिनिटं आधी निघा.

अक्षर अजून एकही आलेलं नाही.
आधी चाळीस मिनिटं बसायची,
आता खिचडीपर्यंत बसते.
मुस्कान नावाची एक पोर आहे तिथं,
पुस्तक वाचताना एका बाजूला मान कलती ठेवते,
का, ते मला फार उशिरा कळलं.
दिव्यानीनं तिचा कान धरलेला असतो.

शाळा चौथीपर्यंतच.
पाचवीला पुन्हा फाईल, पुन्हा बुधवार,
पुन्हा कुणाची तरी खुर्ची आणि चहा.
फाईल काट्याच्या ड्रॉवरात आहे, पावत्यांच्या खाली.
रात्री दीडला गाडी चढते,
ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारतो,
किती झालं?
मी म्हणतो, थांब,
आकडा अजून हलतोय.